बाजीच्या बदल्यात

विलास पोवार लेथच्या घरघरीवर आवाज काढून काहीतरी सांगत होता आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. शेवटी मी मशीन बंद केलं, चिंधीला हात पुसले आणि म्हणालो, "हां, आता सांग."

"उद्यापासनं तू खंडेरायचा."

"कशाचा?"

"खंडेराय तालमीचा. बाजी सासने आमच्याकडं आलाय. त्येच्या बदल्यात तू तिकडं. परवा फुटबॉल संघटनेच्या हापिसात यायचं आन् सही करायची."

विलास आमच्या रणझुंजार तालमीचा सेक्रेटरी. माझ्याच वर्गात होता, माझ्याच वह्या बघून पास झाला होता, आणि आता उद्यमनगरातल्या कारखान्याच्या दारात स्कूटर चालूच ठेवून मला देऊन टाकत होता. स्कूटर बंद करण्याइतकंही त्याला हे काम मोठं वाटलं नसावं.

"मला कुणी विचारलं न्हाई ते?" मी म्हणालो.

"आता विचारलं की," तो म्हणाला आणि गेला.

कोल्हापुरात राहिलेल्यांना हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं पेठ तिथं तालीम आणि तालीम तिथं फुटबॉलचा संघ. पूर्वी तालमीत कुस्त्या व्हायच्या. आता आखाड्याच्या भिंतीला फुटबॉलचे बूट टांगलेले असतात आणि भांडणं मात्र तेवढीच होतात. माणूस एकवेळ सासरची शिवी ऐकून घेईल, तालमीची ऐकणार नाही. बाजी सासने हा खंडेराय तालमीचा सेंटर फॉरवर्ड, त्या काळातला शहरातला सगळ्यात महागडा खेळाडू. आणि मी जोतीराम साळोखे, रणझुंजारचा दोन नंबरचा गोलकीपर. दोन नंबरचा म्हणजे पहिल्याला काही झालं तर खेळणारा. आमच्या पहिल्याला कधी साधा तापसुद्धा यायचा नाही. बाकावर बसून बसून माझी तिशी उलटली होती.

मग असल्या माणसाच्या बदल्यात बाजी कसा काय मिळाला? त्यालाही एक रीत आहे. आमच्याकडं पेठेचा पोरगा नुसत्या पैशाला देत नाहीत. दिलाच, तर पोरगा विकला म्हणून लोक अध्यक्षाला रस्त्यानं चालू देणार नाहीत. म्हणून माणसाच्या बदल्यात माणूस घ्यायचा, निदान दाखवायला. शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर घालून देतात, त्यातलाच हा प्रकार. बाजी म्हणजे काठोकाठ भरलेलं पातेलं आणि मी चिमूटभर साखर.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. वैजयंता परातीत पीठ मळत होती. तिनं हात थांबवला नाही.

"म्हंजे बाजीचा आन् तुमचा भाव एकच झाला म्हणा की."

"चेष्टा करू नको."

"चेष्टा कशाची? तिकडं गेल्यावर खेळाय तरी मिळंल का?"

"त्यांचा गोलकीपर गोव्याचा हाय. पैसे घेऊन खेळणारा."

"मग तिथं बी बसायचंच," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "जावा. न्हाई तर हितं तरी कोण तुमची वाट बघतंय?"

तिचं म्हणणं खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

खंडेराय तालमीचे अध्यक्ष दौलतराव इंगवले. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांचं मिरची-मसाल्याचं दुकान होतं आणि नवा माणूस तिथं गेला की आधी शिंकायचा आणि मग बोलायचा. मीही तेच केलं. पोत्याला टेकून अण्णा बसले होते, शेजारी स्टुलावर मुसाभाई शिकलगार, त्यांच्या संघाचे कोच.

"कोण रं तू?" अण्णांनी विचारलं.

"जोतीराम साळोखे. रणझुंजारकडनं आलोय."

अण्णांनी मुसाभाईंकडं बघितलं. मुसाभाईंनी मान हलवली, म्हणजे हाच तो. अण्णा जरा ओशाळले, मग म्हणाले, "बस. खरं सांगू का तुला? मी तुला मागितला न्हवता. मी विलासला म्हटलं, कोण बी एक दे, पेठेला दाखवायला माणूस पायजे. तुझं नाव मला काल कळलं."

कुणी तोंडावर असं सांगितलं की राग यायला पाहिजे. मला आला नाही. नऊ वर्षांत रणझुंजारमध्ये मला कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं. तिथं दरवर्षी 'पुढच्या सालाला बघू जोत्या' असं म्हणून पाठीवर थाप मारायचे.

"तुमचा गोव्याचा गोलकीपर असताना माझं काय काम?" मी विचारलं.

"त्यो गेला," मुसाभाई म्हणाले. "परवाच गाडीत बसवला. त्येच्या संगतीचा हाफबॅक बी गेला. बाजीला तुमच्याकडं धाडला. पैसे घेऊन खेळणारा आता हितं एक बी न्हाई."

गोष्ट अशी होती की आजवर खेळाडूंचं मानधन एक कंत्राटदार द्यायचा. त्याचं आणि पेठेचं बिनसलं आणि त्यानं हात काढून घेतला. अण्णांनी मग दुसरा कंत्राटदार शोधला नाही. मानधन बंद. जे काही वर्गणीचं जमेल त्यातून सगळ्या पोरांना सारखं दूध, अंडी आणि बूट. पोरं सगळी पेठेतली, काही तर अजून कॉलेजात जाणारी. पेठेत मात्र बोंब झाली होती. अण्णानं तालीम विकली, बाजीसारखा हिरा देऊन बाकावरचा धोंडा आणला, असं लोक दुकानासमोर उभे राहून अण्णांना ऐकू जाईल असं बोलायचे. मी आत बसलेलो असलो तरी बोलायचे.

"आलायस तर आता खेळ," अण्णा म्हणाले. "दुसरा गोलकीपर हाय कुठं आमच्याकडं?"

पहिल्याच मॅचला आम्ही चार गोल खाल्ले. त्यातले दोन माझ्या चुकीचे होते. स्टँडातून आमच्याच पेठेचे लोक ओरडत होते, "बाजीला दिलं आन् ह्यो घेतला." दुसऱ्या मॅचला तीन खाल्ले. पण त्या मॅचमध्ये एक गोष्ट घडली. गोलच्या पुढ्यात बचाव करणारा आमचा स्टॉपर इंद्रजित, वीसेक वर्षांचा उंचापुरा पोरगा, सारखा बॉलच्या मागं पळायचा आणि त्याच्या पाठीमागं मोकळं रान पडायचं. मी मागून ओरडलो, "इंद्या, जाऊ नको, उजवीकडं सरक." तो सरकला आणि बॉल नेमका त्याच्या पायात आला. त्यानं तो बाहेर मारला, वळून माझ्याकडं बघितलं आणि हसला.

ओरडायची मला पहिल्यापासून खोड होती. रणझुंजारमध्ये बाकावरून ओरडायचो तेव्हा सगळे 'गप बस की' म्हणायचे. बाकावरनं बघून बघून मला मैदान पाठ झालं होतं, पण बाकावरच्या माणसाचं कोण ऐकतो? गोलात उभं राहिल्यावर तेच ओरडणं कामाचं झालं. लाईन वर काढा, मागं एक माणूस मोकळा हाय, सोड सोड माझा हाय, असा मी सगळी मॅच बोलत राहायचो. घरी जायचो तेव्हा घसा बसलेला असायचा आणि वैजयंता काही न विचारता गरम पाण्यात हळद घालून पुढं ठेवायची. हळूहळू आम्ही दोन गोल खायला लागलो, मग एक. जिंकत नव्हतो, कारण गोल करणारा कुणी नव्हता. पण बरोबरी व्हायला लागली. एका बरोबरीनंतर इंद्रजित म्हणाला, "जोतीदा, तुम्ही बोलला न्हाईत तर मला भ्या वाटतं बघा." मी त्याला हसलो, पण त्या दिवशी सायकलवरून घरी जाताना मी गाणं म्हणत होतो.

लीगचा पहिला टप्पा संपला तेव्हा आम्ही तळातून दुसरे होतो. शेवटचे दोन संघ खालच्या गटात जायचे. मधल्या सुट्टीत खेळाडू बदलायला संघटना थोडे दिवस मुभा द्यायची, आणि नेमका तेव्हाच रणझुंजारचा गोलकीपर मोटारसायकलवरून पडला आणि त्याचं मनगट मोडलं. ज्याला कधी तापही येत नव्हता, तोच. मला कळलं तेव्हा मी मनातल्या मनात देवाला विचारलं, की बाबा, हे जरा आधी नाही का जमलं?

विलास पोवार खंडेराय तालमीत आला. रणझुंजारचा माणूस त्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच आला असेल. रविवारची दुपार होती, आखाड्याच्या कडेनं सतरंज्या टाकल्या होत्या आणि निम्मी पेठ जमली होती. विलासच्या मागून बाजी आला आणि दाराशीच बसला. त्याला बघून लोकांच्या तोंडावर जे काय उमटलं ते मला सहन होईना. हरवलेलं पोर घरी आल्यासारखे सगळे त्याच्याकडं बघत होते.

"साधी गोष्ट हाय अण्णा," विलास म्हणाला. "आमास्नी गोलकीपर पायजे. जोत्या आमचाच. तुमचा बाजी तुमास्नी परत. माणसाला माणूस."

"आन् त्येचं मानधन?" मुसाभाईंनी विचारलं.

"आम्ही देत हुतो तेच तुम्ही द्यायचं. त्ये काय माझ्या हातात न्हाई."

"मग पोरांचं दूध बंद करावं लागंल," मुसाभाई म्हणाले.

"दुधानं गोल हुत न्हाईत मुसाभाई," मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

अण्णा बाजीला म्हणाले, "तुझं काय म्हणणं हाय रं?"

बाजी जमिनीकडं बघत म्हणाला, "मला घरी यायचंय अण्णा. तिकडं मला कडंला खेळवत्यात. हिकडं आई भाजी आणाय बाहेर पडंना झालीय. लोक तिला बोलत्यात." मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं आणि त्याच वेळी तो इथं आला म्हणून त्याचा रागही आला.

"हो म्हणा अण्णा," लोक म्हणायला लागले. "इचार कसला करताय?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मला जायचं नव्हतं. इतकं स्पष्ट मला आयुष्यात क्वचितच काही वाटलं असेल. पण सगळी पेठ एका बाजूला, अण्णांची पंचाईत झालेली, आणि मी कोण तर चिमूटभर साखर. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "मी जातो की. माझी काय अडचण न्हाई."

आता हे नीट समजून घ्या. आमच्याकडं पाहुणा 'निघतो' म्हणाला की घरच्यानं 'बसा की' म्हणायचं असतं. मग पाहुण्यानं 'नको, उशीर झाला' म्हणायचं, मग घरच्यानं 'चहा तरी घ्या' म्हणायचं. असं दोन-तीनदा झाल्यावर पाहुण्याला खरंच जायचंय की नाही ते कळतं. मी 'जातो' म्हणालो ते त्यातलं पहिलं होतं. पुढचं 'बस की' अण्णांनी म्हणायचं होतं. मी वाट बघत उभा राहिलो.

अण्णा म्हणाले, "बरं."

एवढंच म्हणाले. इंद्रजित मान खाली घालून बुटाची नाडी सोडत आणि बांधत बसला. लोक बाजीभोवती गोळा झाले. विलास माझ्याजवळ येऊन म्हणाला, "चला, आता पहिल्या नंबरवर खेळशील, मर्दा." मला आनंद व्हायला पाहिजे होता. नऊ वर्षं मी हेच तर मागत होतो. पण मी भिंतीवरचे माझे बूट काढले, काखेत मारले आणि बाहेर पडलो.

घरी वैजयंतानं ताट वाढलं आणि मी ते तसंच सरकवलं.

"काय झालं ओ?"

मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमास्नी जायचंय का?"

"न्हाई."

"मग जातो कशाला म्हणला?"

"सगळ्यांच्या मनात तेच होतं. अण्णांनी थांब म्हटलं असतं तर थांबलो असतो."

"आन् अण्णांना काय सपान पडणार हाय तुमच्या मनात काय हाय ते?" ती चिडली होती. "मैदानात दुसऱ्यासाठी घसा फोडता. ह्याला हिकडं सरक, त्येला तिकडं सरक. सोताचं बोलायची येळ आली की तोंडात मिठाची गुळणी. कशी काय ओ तुमची तऱ्हा?"

"लाज वाटती गं. ज्यांनी मागितलंच न्हवतं त्यांच्या दारात उभं राहून मला ठिवून घ्या असं म्हणायचं?"

"हां. तसंच म्हणायचं," ती म्हणाली आणि ताट परत माझ्यापुढं ओढलं. "मी बी तुमास्नी तसंच म्हटलं हुतं. आमच्या घरचे दुसरीकडं स्थळ बघत हुते तवा."

हे खरं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघटनेच्या ऑफिसात आम्ही सगळे जमलो. अण्णा, मुसाभाई, विलास, बाजी आणि मी. टेबलामागच्या क्लार्कनं दोन अर्ज पुढं सरकवले. बाजीनं झटक्यात सही केली. विलासनं केली. मग पेन माझ्याकडं आलं. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. माझ्याकडं त्यांनी सकाळपासून एकदाही बघितलं नव्हतं. मला वाटलं, सुटका झाल्यागत वाटत असेल त्यांना.

मी पेन हातात धरलं आणि म्हणालो, "मला जायचं न्हाई."

हळू म्हणायचं ठरवून आलो होतो. पण सवयीनं गोलात उभा असल्यासारखा आवाज निघाला. बाहेर व्हरांड्यात बसलेले लोक दारातून डोकावले. क्लार्कच्या हातातला चहा हिंदकळला.

"आरं काल तर जातो म्हणालास," विलास म्हणाला.

"काल खोटं बोललो. मला जायचं न्हाई. अण्णा, मला तुम्ही मागितला न्हवता, मला माहीत हाय. पण मला हितंच खेळायचंय. ह्या पोरांच्या मागं. बाजीइतका मी कामाचा न्हाई, त्ये बी माहीत हाय. तरीपण."

अण्णा सावकाश वळले. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि इथं तर मिरचीचं पोतंही नव्हतं.

"मग काल बोलाय काय झालं हुतं तुला?"

"तुम्ही थांब म्हणशीला असं वाटलं."

"मी कुठल्या तोंडानं थांब म्हणू लेका? न विचारता तुला हिकडं आणला. चारचौघात धोंडा म्हणून घेतलंस आमच्या पायी. तू पटकन जातो म्हणालास. मला वाटलं, तुझं मन तुझ्या पेठेत हाय. आता तरी जाऊ दे बिचाऱ्याला." ते खुर्चीत बसले. "रातभर मुसाभाईला शिव्या दिल्या मी. म्हटलं, तू का न्हाई म्हटलंस त्येला थांब म्हणून."

"मला काय ठावं तुमच्या मनात काय हाय," मुसाभाई म्हणाले.

"अहो, घरी ठरवून या की," क्लार्क म्हणाला.

विलासनं बरीच आदळआपट केली. शेवटी अण्णांनी ते दोन्ही अर्ज उचलले, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकले. बाजी उभाच होता. त्याचा चेहरा बघवत नव्हता. अण्णा त्याच्याजवळ गेले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्या आईला बोलणाऱ्याला मी बघतो. आजपासनं ती माझ्या दुकानात येऊन बसंल, बघू कोण बोलतंय. आन् पुढच्या सालाला पोरांसारखा दुधावर खेळायला येतोस तर ये. दार उघडं हाय." बाजीनं अण्णांचा हात झटकला नाही. तो निघून गेला. पुढं वर्षभरानं मुंबईतल्या एका बँकेनं त्याला खेळाडू म्हणून नोकरीला घेतलं. आई त्याच्याकडं जायला निघाली तेव्हा अण्णांनी तिच्याबरोबर मसाल्याचा डबा दिला.

पेठेनं अण्णांना काय काय म्हटलं ते सांगत नाही. त्या वर्षी आम्ही खालच्या गटात गेलो. शेवटची मॅच रणझुंजारबरोबरच होती आणि बाजीनं माझ्या डोक्यावरून असा गोल मारला की मी नुसता बघत राहिलो. एकच मारला, पण तेवढा पुरला. मॅच संपल्यावर इंद्रजित गोलपोस्टला टेकून रडत होता आणि मी त्याच्याशेजारी बसून होतो. सांगायला काही नव्हतं म्हणून मी त्याला त्या गोलच्या वेळी कुठं उभं राहायला पाहिजे होतं ते सांगत बसलो. तो रडता रडता ऐकत होता. मध्येच म्हणाला, "म्हंजे दोन पावलं मागं?" मला तेव्हाच कळलं की आमचं काही फार बिघडलेलं नाही.

तीच पोरं पुढच्या सालाला वर आली. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांनी कप आणला. इंद्रजित राज्याच्या संघातून खेळला. मी गुडघा साथ देईल तोवर गोलात उभा राहिलो आणि मग मुसाभाईंची शिट्टी माझ्या गळ्यात आली. मानधन द्यायची पद्धत खंडेरायमध्ये परत आली नाही. दरम्यान रणझुंजारनं महागड्या खेळाडूंपायी तालमीचा गाळा गहाण टाकला. मग लोकांची भाषा हळूहळू बदलली. ज्यांनी धोंडा म्हटलं होतं तेच चहाच्या गाड्यावर नव्या पोरांना सांगायला लागले, की अण्णाची नजर बघा, बाजी दिला आणि बदल्यात जोतीराम मागून घेतला. मागून घेतला म्हणे. मी शेजारी उभा राहून चहा पीत ऐकायचो. दोन-तीनदा खरं सांगून बघितलं, पण मी विनयानं बोलतोय असं त्यांना वाटायचं.

गेल्या मोसमात एका पेपरचा तरुण बातमीदार स्टेडियमवर आला. मॅच चालू होती. आमची नवी पोरं खेळत होती. शिट्टी आता दुसऱ्याच्या गळ्यात आहे, म्हणून मी अण्णांना घेऊन स्टँडात बसलो होतो. अण्णांची नव्वदी जवळ आली आहे, पण रणझुंजारबरोबरची मॅच ते चुकवत नाहीत. बातमीदारानं वाकून विचारलं, "अण्णा, त्या अदलाबदलीची सगळं शहर आजही आठवण काढतं. जोतीरामांमध्ये जे कुणाला दिसलं नाही, ते तुम्ही कसं काय ओळखलंत?"

"मी काय बी ओळखलं न्हवतं," अण्णा म्हणाले. "पैल्यांदा कोण येतोय त्ये बघितलं न्हाई. दुसऱ्यांदा तर देऊन टाकाय निघालो हुतो."

"मग?"

"मग काय, ह्यो जायचं न्हाई म्हणाला."

बातमीदाराचं पेन थांबलं. त्याला बहुतेक याहून मोठं काहीतरी हवं होतं. अण्णा मैदानाकडं बघत आपणहून म्हणाले, "पेन हातात हुतं त्येच्या. बोलला नसता तर आज त्यो पल्याडच्या स्टँडात बसला असता. आन् मी त्येला वळखला बी नसता."

इतक्या वर्षांत हे असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी पलीकडच्या स्टँडाकडं बघितलं. रणझुंजारचे लोक बसले होते, माझ्या वयाचे, टोप्या घातलेले, चेहरे इतक्या लांबून दिसत नव्हते. अण्णांचा हात माझ्या मांडीवर होता, तो मी धरला आणि तसाच धरून ठेवला.

समोर मैदानात आमचा नवा गोलकीपर दोन पोस्टच्या मध्ये गप्प उभा होता. त्याच्यापुढं डाव्या बाजूला एक माणूस मोकळा सुटला होता आणि ते त्याला दिसतही होतं, पण पहिल्याच वर्षी मोठ्यांना कसं सांगावं म्हणून तो तोंड उघडत नव्हता. मी अण्णांचा हात सोडला, उभा राहिलो आणि सगळं स्टँड वळून बघेल अशा आवाजात ओरडलो.

"बोल की रं, पोरा. तुला दिसतंय न्हवं? मग बोल की."